कोल्हापूरजवळ नदीकाठी किंवा समुद्रकाठी चिखलातून चालायला चांगली जागा कुठली?

आधी नदीचं सांगतो. प्रयाग चिखलीला जा. गावाच्या नावातच चिखल आहे म्हणा! इथल्या संगमापासून नदीला पंचगंगा म्हणतात. पूर ओसरला की काठावर मऊ काळा गाळ उरतो. पण वेळ साधावी लागते. पावसाळ्यानंतर कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि गाळ पाण्याखाली जातो. म्हणून बरगे घालण्याआधी जा, नाहीतर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला बघा. भर पावसात मात्र नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पण पाणी चढतंय एवढं कळलं तरी घरीच बसा.

नृसिंहवाडीचा संगमही छान, फक्त कृष्णेत मगरी आहेत. काठावरच्या माणसांना विचारल्याशिवाय उतरू नका.

समुद्र हवा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी. तिथं पुळणीवर वाळूच, चिखल खाडीत, कांदळवनाजवळ. ओहोटी लागल्यावर निघा, पाणी परत भरायच्या आत वर या.

हातात काठी ठेवा. वरून वाळून भेगा पडलेला गाळ आतून गुडघाभर मऊ असतो. पायाला जखम असेल तर चिखलात जाऊच नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. आणि कोल्हापुरी पायताण घरी ठेवा. भिजलं की कातड्याचं वाटोळं होतं.