नागपुरात खोली करून राहणाऱ्या भावाला गावच्या रेशनकार्डावर धान्य मिळेल का?

मिळेल. तुम्ही लिहिलंय की घर गडचिरोलीत सिरोंच्याकडे आहे, भाऊ नागपुरात बी.एस्सी.ला आहे आणि मेस परवडत नाही म्हणून एकदाच जेवतो. गावच्या कार्डातून त्याचं नाव कापू नका, एवढं आधी ऐका. नव्या कार्डाच्या मागेही लागू नका.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. मागच्या हिवाळ्यात एक पोरगा हेच विचारत आला, "मॅडम, नाव कापून आणू का?" त्याला घेऊन त्याच्या खोलीजवळच्या रेशन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, कार्ड बाहेरगावचं आहे. म्हटलं, नंबर टाकून तर बघा. नंबर चालला, पण अंगठा काही लागेना. दिवाळीच्या सुट्टीत धानकापणीला गेलेला, बोटं सोलून निघालेली. शेवटी दुसरं बोट लावलं तेव्हा पावती निघाली. पोरानं थैलीच आणली नव्हती. वह्या-पुस्तकं माझ्या हाती दिली आणि कॉलेजच्या बॅगेत धान्य भरून घेतलं.

एकच कार्ड कुठल्याही गावच्या रेशन दुकानात चालावं, अशी 'एक देश एक रेशनकार्ड' ही सरकारी सोय आहे, तिच्यामुळे हे होतं. प्राधान्य कुटुंबाच्या, म्हणजे सरकारनं रेशनसाठी निवडलेल्या घराच्या, कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट असतं. भावानं त्याच्या वाट्याचं इथं उचलावं, बाकीचं घरचे तिकडे उचलतील. कोणी नाहीच म्हटलं तर १९६७ वर तक्रार करा.

पण ५ किलोत महिना निघत नाही, हे मलाही दिसतं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर राहण्या-जेवणाला पैसे देणाऱ्या सरकारी योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये नागपूरसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरलेत, त्यातले ३२,००० जेवणाचे. स्वाधारची चौकशी दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात करा. मात्र हे पैसे हप्त्यानं येतात, दर महिन्याला नाही. त्यांच्या भरवशावर मेस लावली की पोरं उधारीत अडकतात, दरवर्षी बघते मी. म्हणून रेशन आधी.

रेशनकार्डाला भावाचं आधार कार्ड जोडलंय का आणि त्याची ई-केवायसी, म्हणजे अंगठा देऊन ओळख पटवणं, झालीय का, हे आजच विचारा. झाली नसेल तर त्यासाठी गावी जायची गरज नाही, इथल्या रेशन दुकानातही अंगठा देऊन होते.