दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला?

नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, दिघा या पट्ट्यात लहान मुलांच्या पालकांशी बोलताना हा प्रश्न हमखास पुढे येतो. तो विचारणारे पालक बेफिकीर असतात, असे मला वाटत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कंपन्यांत पाळीने काम करणाऱ्या माणसाला एक रजा केवढ्याला पडते, ते त्याचे त्यालाच माहीत. अशाच एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगत आहे.

आई कंपनीत, वडील टेम्पोचालक आणि साडेचार वर्षांचा मुलगा दिवसभर आजीजवळ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्याने दाढा किडल्याचे लिहून दिले होते. मुलगा एकाच बाजूने चावत होता आणि रात्री दुखण्याने उठत होता. "ताई, सहा-सात वर्षांचा झाला की पडतीलच ना? तोवर लवंगेचं तेल लावते," असे आईचे म्हणणे.

यातले अर्धेच खरे आहे. त्या वयात पडू लागतात ते पुढचे दात; दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते, आणि तीही दुधाचीच समजून अनेक घरांत दुर्लक्षित राहते. दुधाची दाढ अकाली काढावी लागली, तर ही नवी दाढ पुढे सरकते आणि नंतरच्या दातांना जागा उरत नाही. मुळाशी पू झाला, तर खालच्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते.

एवढे सांगून भागले नाही, कारण अडचण माहितीची नव्हतीच. "आईंनी बिस्किटं देऊन लाडावलाय," असे सून म्हणाली आणि सासूबाई गप्प झाल्या. डॉक्टर सर्वांदेखत आपल्यालाच बोलतील, ही भीती दोघींनाही होती, आणि "पडणारच ना" या प्रश्नाच्या आड बहुतेक वेळा हीच भीती दडलेली असते. म्हणून दोष कोणाचा हे बाजूला ठेवून मी त्यांना मुलाचा एक दिवस सकाळपासून क्रमाने सांगायला लावला. सकाळी चहा-खारी, मग दुपारभर पुरवून पुरवून खाल्लेला बिस्किटपुडा, आणि रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोप.

साखर एकूण फार नव्हती, पण दातांच्या दृष्टीने ती किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे अधिक महत्त्वाचे असते. प्रत्येक खाण्यानंतर जंतू आम्ल तयार करतात, ते निवळायला लाळेला साधारण अर्धा तास लागतो, आणि झोपेत तर लाळच कमी होते. त्यामुळे बिस्किटे बंद न करता ती जेवणाबरोबरच द्यायची आणि बाटलीतले दूध पाण्याने थोडे थोडे पातळ करत शेवटी नुसते पाणी ठेवायचे, असे ठरले. आजीचे पाहून नातूही बोटाने मशेरी लावू लागला होता. आजीची सवय हा वेगळा आणि मोठा विषय आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, ती मुलाच्या हाती लागू द्यायची नाही, एवढेच तेव्हा स्पष्ट सांगितले.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला स्वतः नीट ब्रश करता येत नाही. रात्रीचे काम वडिलांनी घेतले: मुलाचे डोके मांडीवर, वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट, आणि नंतर नुसते थुंकणे, भरपूर चूळ भरणे नाही. पहिले काही दिवस रडारड झाली, ती होतेच.

उपचारासाठी मी त्यांना नेरूळच्या दंत महाविद्यालयातील बालदंत विभागात पाठवले. एका दाढेच्या मुळावर उपचार करून टोपी बसवली, दोन दाढा भरल्या. पुढच्या किडलेल्या दातांवर यंत्र न लावता चांदीयुक्त फ्लोराइडचे द्रावण लावले, जे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहे. त्याने कीड थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो. हे आधी सांगणे फार गरजेचे असते, नाहीतर उपचारानेच दात बिघडला असे घरच्यांना वाटते. आजीला तो रंग अजूनही पसंत नाही. मुलगा मात्र दोन्ही बाजूंनी चावतो आणि रात्री उठत नाही. कायमची पहिली दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा बुजवून घेण्यासाठी त्यांना पुन्हा नेरूळला जायचे आहे, आणि त्या दिवशी रजा वडील घेणार आहेत.