हॅम्बुर्गला येताय, तर ईस्टर गुरुवारपासून धरा

दादा, नगरच्या सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेल्या तुमच्या कुटुंबाला हॅम्बुर्गच्या लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) चर्चमध्ये घेतील का आणि ईस्टरला परकं वाटेल का, असं तुम्ही विचारलंत. घेतील. बाप्तिस्मा झालेला माणूस कुठल्याही मंडळीचा असो, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, त्याला बोलावतात. परकेपणाचं म्हणाल, तर नुसतं ईस्टरच्या रविवारी दहाच्या उपासनेला जाल तर नक्की वाटेल. गर्दी असते, छान गाणी होतात आणि सगळे आपापल्या घरी पांगतात. म्हणून माझं सांगणं एकच: पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, गुरुवारपासून जा.

मी आधी लाइपझिगला शिकायला होते. तिथल्या थोमासकिर्श या चर्चमध्ये संगीतकार बाखची कबर आहे आणि पवित्र सप्ताहात तिथे प्रभूच्या दुःखसहनावरचं त्याचं संगीत आजही होतं. योहानाच्या शुभवर्तमानावरची त्याची रचना 1724 च्या गुड फ्रायडेला तिथल्याच निकोलाईकिर्शमध्ये पहिल्यांदा गायली गेली, तेव्हा दोन भागांच्या मधे प्रवचन होतं. मला ती उपासनाच वाटते, मैफल नाही. भाषा येत नसली तरी योहानाचे 18 आणि 19 हे अध्याय मराठीत उघडून बसा, सगळं कळतं. गुड फ्रायडेला प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर तीन तास बसायची आपल्याला सवय आहेच.

नंतर काही वर्षं स्वीडनमध्ये, योतेबोरीला काढली. तिथे गुड फ्रायडेला वेदीवर पाच लाल गुलाब ठेवतात, प्रभूच्या पाच जखमांसाठी. बाकी काही नाही. रविवारी त्याच वेदीवर पिवळी डॅफोडिल्स. माणसं थोडीच असायची, पण त्या पाच गुलाबांसमोर मी जेवढी रडले तेवढी कुठल्याही प्रवचनाला रडले नाही.

आता हॅम्बुर्ग. गुरुवारी संध्याकाळी बऱ्याच मंडळ्या चर्चमध्येच टेबलं मांडून एकत्र जेवतात आणि त्या जेवणातच प्रभुभोजन होतं. नव्या माणसाची ओळख व्हायला याहून चांगली जागा नाही, लाजू नका. शुक्रवारी वेदीवर काहीच नसतं, घंटा मुक्या. दुकानं शुक्रवारी, रविवारी आणि सोमवारीही बंद, म्हणून दूधभाजी गुरुवारीच भरा. शनिवारी रात्री हॅम्बुर्गच्याच ब्लांकनेझ भागात एल्ब नदीच्या काठी मोठे जाळ पेटवतात. ही लोकांची परंपरा, चर्चची नव्हे, पण मुलाला जरूर दाखवा.

खरा ईस्टर मात्र रविवारी उजाडण्याआधी. सगळ्याच चर्चमध्ये पहाटेची उपासना नसते, काही ठिकाणी ती शनिवारी रात्री असते, म्हणून आधी चौकशी करा. चर्चमध्ये काळोख असतो. बाहेरच्या जाळावर पेटवलेली मोठी ईस्टर मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक वाचतात, इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र ओलांडल्याचं वाचतात. मग पाळक म्हणतात, प्रभू उठला आहे, आणि मंडळी उत्तर देते, खरोखर उठला आहे! घंटा, ऑर्गन, सगळं एकदम सुरू होतं. लहानपणी पहाटे गाणी म्हणत प्रभातफेरीला निघायचो, तोच आनंद. त्यांच्या गीतसंग्रहातलं 99 नंबरचं गीत तेवढं पाठ करून या. मध्ययुगापासून ईस्टरला गातात आणि चाल सोपी आहे. नंतर मंडळीची एकत्र न्याहारी असते. तिला थांबाच, आणि घरचं काहीतरी करून न्या. मी करंज्या नेते.

एक व्यवहाराचं. पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात. प्रोटेस्टंट लिहिलंत की चर्चचा कर कापला जातो: आयकराच्या 9 टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये 8. लक्षात घ्या, आयकराच्या, पगाराच्या नाही. मी तो मनापासून भरते, कारण बालवाड्यांपासून आजाऱ्यांच्या सेवेपर्यंत बरंच काम त्यावर चालतं. बाप्तिस्म्याचे दाखले मात्र नगरहून निघतानाच घ्या, इंग्रजी भाषांतरासह.

तुमचा इथला पहिला ईस्टर 28 मार्च 2027 ला येतो. त्याच दिवशी पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा पहाटेच्या उपासनेसाठी गजर नव्या वेळेचा लावा.