परदेशात राहून रचना करणारा संगीतकार नक्की कुठला समजायचा?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं जर्मनीत आहात, तिथल्यांना तुमच्या रचना फार भारतीय वाटतात आणि इकडे भाऊ म्हणतो, 'तू आता परका झालास.' मग मी कुठला, असा तुमचा प्रश्न आहे. मी सांगलीत व्हायोलिन शिकवतो, परदेशात कधी राहिलो नाही. पण तुमचा प्रश्न वाचला आणि तुमच्या उलट्या वाटेने, म्हणजे युरोपातून भारतात आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन आठवले.

आमच्याकडे आजोबा पहाटे रेडिओ लावायचे. आधी खरखर, मग तानपुरा, आणि त्याच्यावर व्हायोलिनची ती धून. बंबात पाणी तापत असायचं, मी गोधडीत. शिवरंजनी रागाच्या अंगाची ही आकाशवाणीची धून कॉफमन यांनी बांधली, असं मानलं जातं. व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे प्रसिद्ध ऑर्केस्ट्रा-संचालक झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगतात. मला हे कळलं तेव्हा तिशी उलटली होती. त्या दिवशी ती धून मी व्हायोलिनवर पुन्हापुन्हा वाजवून पाहिली. कोमल गंधारावर बोट जरा रेंगाळलं की अजूनही पहाटच होते.

कॉफमन १९०७ साली कार्ल्सबादला (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मले, ज्यू घरात. बर्लिनला शिकले. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३४ मध्ये मुंबईला आले. व्हिसा सहज मिळत होता, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलंय. आपलं संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना काहीच उमगलं नाही. पण लाखो लोकांना जे आवडतं ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यात आहे, असं त्यांनी ठरवलं आणि अभ्यासाला बसले. मला या माणसाबद्दल जे वाटतं ते सगळं या एका गोष्टीमुळे.

आणि म्हणून त्यांनी आपलं आधीचं संगीत टाकून दिलं का? नाही. बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी पाश्चात्य संगीताच्या मैफली व्हायच्या. १९३७ पासून मुंबई रेडिओवर पाश्चात्य संगीताचा विभागही सांभाळला. त्यांचे काही स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, आता ध्वनिमुद्रित झालेत, जरूर ऐका. वाद्यमेळ सगळा युरोपचा, पण मध्येच एखादी सुरावट अशी वळते की रागाची सावली पडावी. त्यात मला शिवण दिसत नाही. बारा वर्षं जे कानावर पडलं ते हातात उतरलं, इतकंच.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. पुढे कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचे संचालक, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ साली आला, तोही पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांच्या, म्हणजे रागांच्या दहा गटांच्या, क्रमाने लावलेला. मुंबई सोडून वीस-बावीस वर्षं झाली तरी राग सुटले नव्हते. १९८४ मध्ये विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनला, त्यांचं निधन झालं.

आता तुमचं. 'फार भारतीय' हा शेरा ऐकून रचनेतला गंधार सरळ करू नका, आणि भावाला बरं वाटावं म्हणून वरून तबलाही चिकटवू नका. मला काळजी या दोन गोष्टींचीच वाटते, कारण दोन्हीकडे ऐकणाऱ्याच्या भीतीने सूर बदलतो. कॉफमन यांची धून ऐकताना माझ्या आजोबांनी ती कुणाची, हे कधी विचारलं नाही. ती सुरू झाली की ते घड्याळाला चावी द्यायचे.

भावाला तुमची रचना एकदाच ऐकवली असेल तर अजून दोन-तीनदा ऐकवा, शेजारी बसून. आणि रचना इथे टाकता आली तर टाका, मी नक्की ऐकेन.