पहारा ढिला करून शेजारी देशाला नमवता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, सीमेवरचा पहारा ढिला सोडून एखादा देश शेजाऱ्याला खरंच नमवू शकतो का, की हे सगळे आरोप-प्रत्यारोपच असतात. माझ्या मते नमवू शकतो. मे 2021 मध्ये मोरोक्को आणि स्पेन यांच्यात जे घडलं ते बघा.

सेउता हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं स्पेनचं छोटं शहर. जमिनीच्या बाजूने मोरोक्को, मध्ये उंच कुंपण. ताराहालजवळ हे कुंपण समुद्रात उतरतं आणि तिथे बांधाला वळसा घालून पोहत पलीकडे जाता येतं. एरवी मोरोक्कोचे पोलीस कोणाला तिथवर पोहोचू देत नाहीत. 17 मे रोजी त्यांनी अडवणं जवळपास थांबवलं. दोन दिवसांत सुमारे 8,000 माणसं सेउतात शिरली. त्यांत दीड हजाराच्या आसपास अल्पवयीन मुलं होती. स्पेनने किनाऱ्यावर लष्कर उतरवलं.

भांडण मात्र स्थलांतराचं नव्हतंच. ते होतं पश्चिम सहाराचं. ही स्पेनची जुनी वसाहत. स्पेन तिथून निघाल्यापासून मोरोक्को तिच्यावर हक्क सांगतो आणि पोलिसारिओ फ्रंट स्वातंत्र्य मागते. या संघटनेचे नेते ब्राहिम घाली यांना स्पेनने एप्रिल 2021 मध्ये लोग्रोन्योच्या रुग्णालयात कोविडच्या उपचारांसाठी दाखल करून घेतलं, तेही वेगळ्या नावाने आणि मोरोक्कोला न कळवता. हे उघड झाल्यावर मोरोक्को भडकला. माणसं सेउतात शिरत असतानाच मोरोक्कोच्या माद्रिदमधल्या राजदूतांनी सांगितलं की कृतींचे परिणाम असतात आणि ते भोगावे लागतात. यापेक्षा स्पष्ट त्या काय बोलणार होत्या?

पोलीस बाजूला झाले म्हणून एवढी माणसं आली कशी, हेही समजून घ्यायला हवं. फ्निदकसारख्या सीमेलगतच्या गावांचं पोट सेउतातून पाठीवर माल वाहून आणण्यावर चालायचं. ती वाहतूक 2019 च्या अखेरीस बंद झाली आणि मार्च 2020 मध्ये कोविडमुळे सीमाच बंद झाली. वर्षभर रोजगार नसलेल्या तरुणांना वाट मोकळी दिसली. त्यांना कोणी ढकललं नाही, पण त्यांच्या गरजेचा हिशेब राज्यकर्त्यांनी केला, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

त्याच आठवड्यात स्पेनच्या मंत्रिमंडळाने मोरोक्कोला सीमेवरच्या पहाऱ्यासाठी 3 कोटी युरो मंजूर केले. दाराची राखण शेजाऱ्याकडे सोपवली की दाराची किल्लीही त्याच्याकडेच जाते. जुलैमध्ये स्पेनच्या परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावं लागलं. मार्च 2022 मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी मोरोक्कोच्या राजाला पत्र लिहून पश्चिम सहाराला स्वातंत्र्य न देता आपल्याच सत्तेखाली स्वायत्तता देण्याची मोरोक्कोची योजना उचलून धरली. स्पेनचं दशकानुदशकांचं धोरण एका पत्राने बदललं. मोरोक्कोला हवं ते बरंचसं मिळालं. लगेच पोलिसारिओची पाठराखण करणाऱ्या अल्जीरियाने स्पेनमधून राजदूत परत बोलावला आणि जूनमध्ये मैत्री करार स्थगित केला, म्हणजे एका शेजाऱ्याला खूश करताना दुसरा दुखावला गेला.

आता मुलांचं. ऑगस्ट 2021 मध्ये स्पेनने सेउतातून पन्नासहून अधिक मुलं काही दिवसांत मोरोक्कोत परत पाठवली, प्रत्येकाची वेगळी चौकशी न करता. न्यायालयाने ते थांबवलं आणि जानेवारी 2024 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते बेकायदा ठरवलं.

समेटाने माणसं सुरक्षित झाली असंही म्हणता येत नाही. पत्रानंतर तीनच महिन्यांनी, 24 जून 2022 रोजी, स्पेनचंच दुसरं शहर असलेल्या मेलियाच्या कुंपणाशी चेंगराचेंगरीत आणि पोलिसांच्या बळाच्या वापरात किमान 23 जण मेले. त्यांत बरेचसे सुदानमधून जीव वाचवून आलेले होते. तेव्हा दोन्ही देशांचे संबंध उत्तम होते आणि दोन्हीकडचे पोलीस एकमेकांना साथ देत होते.