गृहपाठ कोणाचा?

"मॅडम, शाळेत काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणतोय. आम्ही एवढं लक्ष घालतोय, तरी मार्क घसरतातच." मी मुलांची समुपदेशक; जूनपासून हे इतक्या आयांकडून ऐकलंय की उत्तर एकदाच लिहून टाकते.

ओंकार (नाव बदललंय) आठवीत. वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. गणिताच्या घटक चाचणीत २० पैकी ६. पहिल्याच भेटीत आईने पिशवीतून चार वह्या काढून माझ्या टेबलावर रचल्या. सगळ्या पूर्ण, तारीखवार, समास आखलेल्या. "ग्रुपवर आलेला अभ्यास मी रोज लिहून घेतो की, बसून करून घेतो." (आमच्याकडे बायकाही 'घेतो, करतो'च म्हणतात.) मी ओंकारला काही विचारलं की उत्तर आईकडून येई. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर मी त्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं.

तीन भेटी तो जेमतेम बोलला. चौथ्या भेटीत वही चाळत मी सहज म्हटलं, "छान आहे तुझा गृहपाठ."

"माझा न्हाई, मम्मीचा हाय."

मी गप्प राहिले. हे गप्प राहणं शिकायला मला दहा-बारा वर्षं लागलीत.

"सर वर्गात सांगतात तवा मी लिहीतच न्हाई. मम्मीच्या मोबाईलवर येतंयच की."

"आणि कळलं नाही ते?"

"ते कुणाला सांगायचं? पालकसभेला आम्हाला बाहेर उभं करतात. सर काय बोलले ते खिडकीतनं मम्मीच्या तोंडाकडं बघून कळतंय."

ती खिडकी कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना. लक्ष घालता घालता अभ्यास आईकडे सरकला होता आणि पोराकडे फक्त मार्क उरले होते. याच गावच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पालकाला शाळेकडे ओढावं लागायचं. आज माझं निम्मं काम त्याला दोन पावलं मागे घेण्याचं असतं.

वडील पाचव्या भेटीला आले, हाताला ऑइलचा वास. त्यांना विचारलं, "नव्या पोराला लेथवर कसं शिकवता?"

"आधी बघायला लावतो. मग भंगारातला तुकडा देतो, बिघडू दे म्हणतो. बिघडला की त्यालाच विचारतो, कुठं चुकलं..." बोलता बोलता थांबले आणि बायकोकडे बघायला लागले. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

ठरलं ते असं. आईने ग्रुप म्यूट करायचा. गृहपाठ ओंकारने वर्गातच टिपून घ्यायचा. राहिला तर सरांना त्यानेच सांगायचं. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. वह्या अर्ध्या, शाळेतून फोन, आई रडकुंडीला. पालक नेमके इथेच माघार घेतात. घेऊ नका. (पहिली-दुसरीचं वेगळं, तिथे वही बघावीच लागते.) आणि 'आज काय शिकवलं?' हा प्रश्न सोडा, 'आज काय कळलं नाही?' विचारा. उत्तर आलं की लगेच क्लास शोधायला धावू नका, तेवढं ऐकून घ्या.

आल्फ्रेड ॲडलर हा मानसोपचारतज्ज्ञ शंभरेक वर्षांपूर्वी व्हिएन्नात मूल, पालक आणि शिक्षक यांना एकत्र घेऊन बोलायचा. मी त्याच वळणाची. काही सहकाऱ्यांना हे जुनाट वाटतं, वाटू दे. पालकसभेत तिसरी खुर्ची ओंकारची, एवढाच माझा आग्रह होता. वर्गशिक्षक जरा नाखूश होते, तरी हो म्हणाले. ओंकारने घडी घातलेली चिठ्ठी उलगडली आणि मान वर न करता वाचली: "भूमिती जमते. अपूर्णांक सहावीपासून कळले नाहीत, म्हणून बीजगणित अडतं. सरांनी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं द्यावीत. पप्पांनी रविवारी वर्कशॉपमध्ये मापं शिकवावीत."

सर म्हणाले, "अरे, मग हे आधी नाही का सांगायचं?"

याचं उत्तर मला येत होतं. पण खुर्ची माझी नव्हती.

पुढच्या चाचणीत ११ आले. परवा आईंचा फोन आला, नवी तक्रार घेऊन. "आता उलटं बोलतोय मॅडम. 'तू गप, मी सांगतो सरांना' म्हणतोय. कधी घेऊन येऊ?"

अजून तारीख दिलेली नाही.