साका आणि अवक्षेप एकच का?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या केमिस्ट्रीच्या गणितात (मिश्रणातून काहीतरी खाली पाडायचं, ते गाळून वाळवून वजन करायचं आणि त्यावरून मूळ मिश्रणात काय किती होतं ते काढायचं, ती गणितं) एका पुस्तकात 'साका' आहे आणि दुसऱ्यात 'अवक्षेप', तर दोन्ही एकच ना? दोन्ही वापरतात हे खरंय, पण मला विचाराल तर फरक आहे, आणि तो कळला की गणितही कळतं.

साका बसतो. कुरडयांसाठी गहू भिजवून वाटून गाळून ठेवले की रात्रभरात वरचं पाणी निवळतं आणि खाली सत्त्व घट्ट बसतं, तो साका. ते आधीपासून होतंच, फक्त तळाला गेलं. अवक्षेप मात्र पडतो किंवा तयार होतो. अव म्हणजे खाली, क्षिप् म्हणजे फेकणं, आक्षेप-प्रक्षेप त्याच धातूचे. इंग्रजी प्रेसिपिटेटचं लॅटिन मूळसुद्धा डोकं खाली करून ढकलणं असंच आहे.

एकाच बरणीत दोन्ही बघायचे तर पाण्यात चुना कालवून ठेवा. तळाशी बसला तो साका, वरची ती निवळी. आता ती निवळी ग्लासात घेऊन स्ट्रॉने फुंका, दुधाळ होते ना, तो अवक्षेप! निवळीत चुना होता, पण हा कॅल्शियम कार्बोनेट नव्हता, तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाल्यावर तो तयार झाला.

मुलं गणितात इथेच अडकतात. समजा मीठ आणि पोटॅशियम क्लोराइडचं ०.५० ग्रॅम मिश्रण आहे, त्यात भरपूर सिल्व्हर नायट्रेट घातलं, फाटलेल्या दुधासारखा पांढरा अवक्षेप पडला, वाळवून १.१२ ग्रॅम भरला. ०.५० मधून १.१२ कसे आले? 'साका' डोक्यात असेल तर हे पटतच नाही, कारण साका मुळात होता त्यापेक्षा जास्त कसा भरेल. पण हा सिल्व्हर क्लोराइड आहे, त्यातलं फक्त क्लोरीन मिश्रणातलं, चांदी बाहेरून आली. १ ग्रॅम मिठापासून तो २.४५ ग्रॅम मिळतो, १ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडपासून १.९२. मीठ क्ष धरलं तर २.४५क्ष + १.९२(०.५० − क्ष) = १.१२, म्हणजे मीठ ०.३० ग्रॅम आणि उरलेलं ०.२०.

तिला पेपरात अवक्षेपच लिहायला सांगा, आणि क्रियापद 'पडतो'.